पूर ओसरेपर्यंत

13 सप्टेंबर 1948, पहाटेचे चार. भाद्रपदातला चंद्र कधीच मावळलाय. नळदुर्गजवळ ओल्या काळ्या मातीत तुम्ही पालथे पडला आहात. बोरी नदीच्या पाण्याचा आवाज आणि शेजारच्या माणसाचा श्वास, एवढंच ऐकू येतंय. तो दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग.

अंधारातून दोन गाड्या येतात. गोळ्या सुटतात, तसा तो तुकडी घेऊन थेट त्यांच्यावर धावतो. गाड्या हाती लागतात.

साडेआठला उजेडात पुन्हा तेच करायचंय. समोर मोर्चा, मोर्च्यात ब्रेनगन. तुम्ही उठून पळत सुटता. तीसेक यार्ड उरलेत. बचित्तर सिंगच्या मांडीत गोळ्या घुसतात, तो कोसळतो. त्याला मागे ओढायला तुम्ही वळता, पण तो कोपरांवर सरपटत पुढेच निघालाय. दोन हातबॉम्ब. ब्रेनगन गप्प. मागे न्यायचं म्हटलं तर ऐकत नाही, पोरांना पुढे जा म्हणत राहतो. त्याला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

नऊला रणगाडे जळकोटात, सव्वातीनला उमरग्यात. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय फौजेच्या या चढाईला आपण ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. या शब्दात ते तीस यार्ड बसत नाहीत, म्हणून तो मला सलतो.

आता लोहाऱ्यात या. तुळजापूरला निजामाचे सैनिक आणि त्यांच्या बाजूचे सुमारे 200 सशस्त्र रझाकार दोन तास लढून शरण आलेत. तिथून लोहाऱ्याकडे निघालेली फौज मात्र नदीच्या पुराने अडवलीय. जवळच्या हिप्परग्यात 1921 ची राष्ट्रीय शाळा. तिथे मुख्याध्यापक असलेले, निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आज तुरुंगात आहेत. रझाकारांनी छळलेली माणसं सैन्याची वाट बघताहेत. शेजारच्या मुसलमान घरांतही कुणाचा डोळा लागलेला नाही, आणि त्यांतले बहुतेक रझाकार नाहीत.

तुम्ही पुढचं जाणून आला आहात. चार दिवसांनी निजाम शरण येईल. मग साध्या मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला जाईल, आणि त्याची चौकशी करणारी सुंदरलाल समिती सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहील. दारोदार जाऊन सांगावंसं वाटतं. कुणाला सांगणार? सगळ्यांचे कान नदीकडे लागलेत. पाणी अजून उतरलेलं नाही.