आजीची तपासणी

१९९४ चा सप्टेंबर. मी तेव्हा दहावीत होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी गाठीचा प्लेग निघाल्याची बातमी आली, पाठोपाठ सुरतेची. मग काय, भिंगारमध्ये टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात! नेमका त्याच आठवड्यात मी हुडहुडी भरून तापलो. वडिलांनी कुठून तरी चार कॅप्सूल पैदा केल्या. आजीने मात्र आधी माझी काख चाचपली, मग मान. जांघेत बोट दाबून म्हणाली, "इथं दुखतंय का रे?"

"नाही."

"मग गाठ नाही. आधी रक्त तपासून आणा."

मलेरिया निघाला. क्लोरोक्विनने ताप उतरला.

हे चाचपणं आजीला तिच्या आईने शिकवलेलं. त्या पिढीला दुसरा इलाजच नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेगच आहे हे ओळखलं. जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस स्वतःलाच टोचून घेतली. पण रोग जडल्यावर द्यायला औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. तोवर देशात एक कोटीच्या आसपास माणसं गेली होती.

आमच्या नगरला अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाई फुले त्यांतल्याच. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

सामान्य माणसाकडे होतं ते फक्त निरीक्षण. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालायचे. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते, हे सायमंड यांनी १८९८ मध्ये दाखवलं. लोकांना पिसू ठाऊक नव्हती, तरी घर सोडणं बरोबरच होतं.

म्हणजे आजीच्या आईकडे ओळख होती, औषध नव्हतं. आमच्याकडे औषध होतं आणि ओळखायला सवड नव्हती. त्या चार कॅप्सूलनी माझा प्लेग बरा झाला, असंच घरात कायमचं ठरलं असतं... आणि मलेरिया अंगातच राहिला असता.

असो. अजूनही साधा ताप आला की घरात कुणीतरी मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधतं. मला मात्र काखेत आजीचं ते थंडगार बोट आठवतं.