तळटीप : ‘गावाचे मालक’

येथे ‘मालक’ हा शब्द जपून वाचावा. पेशवाईतील इनामाची सनद घरात निघाली, की पूर्वज गावाचा धनी होता असे कुलवृत्तांतांतून सर्रास लिहिले जाते; पण गाव इनाम मिळणे म्हणजे बहुधा गावचा वसूल मिळणे, प्रत्येक शेताची माती मिळणे नव्हे. यावर सनदेतलेच ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपसहित’ हे ठरीव शब्द पुढे केले जातात. आक्षेप वजनदार आहे, आणि पडीक जमीन व झाडझाडोऱ्यापुरता तो मान्यच करावा लागतो. मात्र वाक्य तिथे संपत नाही. ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ हे शब्द मागोमाग येतात; गावात आधीपासून असलेल्या हक्कांना सनदेने हात लावलेला नाही. पिढीजाद कसणाऱ्या मिरासदाराचा हक्क मिरासपत्रात किंवा महजरात सापडतो, खाली पाटलाची नांगराची निशाणी असलेल्या कागदात. शेताची मालकी शोधणाऱ्याला सनदेपेक्षा तो मोलाचा. (इसवी सन काढताना त्यावरच्या सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि त्यानंतर 600 मिळवावेत, इथे एका वर्षाची चूक फार होते.)

इनाम कमिशनने दावा मंजूर केला होता, हेही मालकीचे प्रमाण नव्हे. 1852 च्या 11 व्या कायद्याखालची ती चौकशी साऱ्याच्या माफीची होती, म्हणजे सरकार आणि इनामदार यांच्यातली. कसणाऱ्याचा हक्क तीत ठरवायचाच नव्हता.