शोभेचा कांदा, पोटाचा कांदा
कोपरीत आमच्या बाल्कनीतल्या शोभेच्या ॲलियमला दोन हिवाळे नुसती पात आली. फूल येणार कसं? कंदाला काही आठवडे कडक थंडी हवी. खाडीकाठी ती कुठली! हे कांद्याचे भाऊबंद मध्य आशियातले. रशियन साम्राज्य तुर्कस्तानात पसरलं, तसा तिकडे डॉक्टर असलेला आल्बर्ट रेगेल सेंट पीटर्सबर्गला वडिलांकडे कंद पाठवू लागला. वडील एडुआर्ड तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख; १८८३ मध्ये त्यांनी ‘ॲलियम जायगँटियम’चं वर्णन छापलं. नाशिककडच्या शेतकऱ्याला मात्र असला गोंडा नकोच. थंडीनं डेंगळे आले की कांदा टिकत नाही, भाव पडतो. बियाण्याच्या वाफ्यात तेच गोंडे हवेत, वर मधमाश्याही! आम्ही त्या कुंडीत आता मोड आलेला घरचा कांदा लावलाय. पात झुणक्यात जाते.