लहान गोळीविषयीचे समज : धरणगाव ते वरणगाव

जळगाव जिल्ह्यात भुसावळनजीक वरणगाव येथे १९६४ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला. इन्सास रायफलीस लागणारी ५.५६ मिलिमीटरची काडतुसे तेथे तयार होत आली आहेत. या काडतुसाविषयी एक समज देशभर रूढ आहे : ही गोळी शत्रूला ठार मारण्यासाठी नसून केवळ जायबंदी करण्यासाठी योजलेली आहे, कारण एक जखमी सैनिक वाहून नेण्यात आणखी दोघे गुंतून पडतात. समज तर्कशुद्ध भासतो आणि बहुधा त्यामुळेच टिकला आहे. इतिहास मात्र त्यास पुष्टी देत नाही.

'गोळी' हे 'गोळा' या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटणीची उभारणी आरंभिली, त्या काळी कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर व्यासाची असे आणि तिच्यातून सुटणारी वस्तू शब्दशः शिशाची वाटोळी गोळी होती. तिची गती बेताची. मारकता आकारावर व वजनावर अवलंबून. पुढे गोळी लांबट, टोकदार व अतिवेगवान झाली. नाव तेच राहिले आणि नावाबरोबर व्यासावरून मारकता ठरविण्याचा जुना हिशेबही राहिला.

असा आक्षेप नवा नाही. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ७.७ मिलिमीटरची नवी गोळी शत्रूच्या देहातून आरपार जाते, पण त्याला थोपवीत नाही, अशी तक्रार झाली. तेव्हा कलकत्त्यानजीकच्या दमदम येथील शस्त्रागारात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली, आघाताने पसरणारी गोळी बनविण्यात आली. अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली.

५.५६ च्या मुळाशी जायबंदी करण्याचे धोरण नव्हते. अमेरिकेत १९५२ मध्ये हॉल व हिचमन यांच्या अहवालांनी हलके काडतूस सुचविले, ते अधिक गोळ्या बाळगता याव्यात व नेम साधण्याचा संभव वाढावा म्हणून. पुढील मागणीत तर ५०० यार्डांवरून पोलादी शिरस्त्राण भेदण्याची अट होती. जखमी करण्यापुरत्या शस्त्रास ही अट कशाला?

दुसरा समज, ही गोळी हवेतच कोलांट्या खाते, हाही असाच. नळीतील पेचांमुळे ती भोवऱ्याप्रमाणे फिरत स्थिर राहते. उलटते ती देहात शिरल्यावर, कारण तिचा गुरुत्वमध्य मागील बाजूस असतो. लष्करी शल्यवैद्य मार्टिन फॅक्लर यांच्या १९८० नंतरच्या प्रयोगांत असे दिसले, की वेग पुरेसा असल्यास ती उलटताना फुटते व मोठी जखम करते. अंतर वाढून वेग घटला की अखंड राहते व जखम अरुंद होते. सैनिकांच्या परस्परविरोधी अनुभवांचा उलगडा बऱ्याच अंशी येथे होतो.

आंतरराष्ट्रीय चिंता तर उलट दिशेची होती. १९७९ च्या जिनीव्हा परिषदेने लहान व्यासाच्या शस्त्रांविषयी स्वतंत्र ठराव केला, तो त्यांच्या जखमा फार सौम्य म्हणून नव्हे, तर अनावश्यक क्रूर ठरतील या भीतीने.