हर्सूलच्या वाटेवरचे हुंडेकरी

छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेला निघाले की हर्सूल लागते. पुढे वाट फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याचा घाट उतरते आणि खानदेशातून बुऱ्हाणपूरला जाते. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, झाले आणि मोगल फौजांचा राबता वाढला. शहराला आणि छावणीला लागणारे धान्य-मीठ आणायला ना सरकारचे बैल पुरेसे होते, ना सावकाराचे. ते काम सरळ बाहेरच्यांवर सोपवले जाई.

हे बाहेरचे म्हणजे मुख्यतः बंजारे, मराठीत लमाण. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या चार जमाती होत्या; एक गहू वाहणारी, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी, चौथी मीठ. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोण असे. रात्री मुक्कामाला त्याच गोण्या रचून कोट केला जाई. घाटात गाडी अडते, लदेणीचा बैल चढतो. शिवाय तो वाटेतल्या पडीक रानात चरत जाई, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळपास नाही. भाडे स्वस्त पडण्याचे खरे कारण हेच.

1803 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीने याच मुलखात, भोकरदनजवळ असईला, लढाई जिंकली. तोफा ओढायला त्याच्याकडे म्हैसूरचे सरकारी बैल होते, पण फौजेच्या बाजारात धान्य पुरवण्यासाठी त्याची मोठी भिस्त बंजाऱ्यांवर होती. हे लोक पगारी चाकर नव्हते. स्वतःच्या किंवा कंपनीने आगाऊ दिलेल्या पैशाने ते धान्य घेत आणि छावणीच्या बाजारात चालू भावाने विकत. नफा त्यांचा, तोटाही त्यांचाच.

व्यापाऱ्यांच्या मालासाठी मराठी मुलखात याहून नेटकी सोय होती, ती हुंडेकऱ्याची. पेठेतला व्यापारी गाठोडी त्याच्या हवाली करी आणि एकच ठोक रक्कम ठरवी. तिला म्हणत हुंडा, किंवा हुंडाभाडे. बैलांचे भाडे आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावरची जकात त्यातच येई. ठरावाप्रमाणे वाटमारीची जोखीमही. नाक्यागणिक हुज्जत घालण्यापेक्षा व्यापाऱ्याला हे परवडे. आज हुंडा म्हटले की लग्नच आठवते. व्यापारातला अर्थ जवळजवळ बुजला, हुंडेकरी या आडनावात तेवढा उरला.

1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी निजामाची मीटरगेज रेल्वे सुरू झाली. लांब पल्ल्याची लदेणी त्याआधीच, मुंबईकडच्या रेल्वेमुळे आणि पक्क्या सडकांमुळे, मोडत आली होती. तांडे स्थिरावले, काही बंजारा गटांवर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला. त्यांचे कित्येक वंशज आज मराठवाड्यातून ऊसतोडीला जातात. रेल्वेने मधला पल्ला घेतला, दोन्ही टोके मात्र हमालावर आणि बैलगाडीवर राहिली. मनमाडला तर मीटरगेजचे डबे रिकामे करून माल ब्रॉडगेजमध्ये भरावा लागे. पोते पाठीवर घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर, हा प्रकार गेज बदलेपर्यंत म्हणजे 1990 च्या दशकापर्यंत चालला.

दरम्यान 1985 मध्ये शहराजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, त्याच्या भोवती सुट्या भागांचे कारखाने आले. अशा कारखान्यांचा माल ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भरवशावर हलू लागला. ट्रान्सपोर्टवाल्याच्या स्वतःच्या गाड्या थोड्याच असत. बाकीच्या एक-दोन ट्रकवाल्या मालकांच्या. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाटे, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेले असे की माल मालकाच्या जोखमीवर. हुंडेकरी नेमकी हीच जोखीम अंगावर घेत होता. चढ-उतार करणाऱ्यांसाठी 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ट्रकचालकाला तसे संरक्षण मिळाले नाही.

2017 मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले आणि कंपन्यांना राज्यागणिक गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही. साठवण, वाहतूक, कागदपत्रे असे सगळे एकाच ठेकेदाराकडे देणे सोयीचे झाले. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर चढण्याची एक जागा जळगाव रस्त्यावर, हर्सूलच्या पुढे सावंगीला आहे.