पाठीमागचा उजेड

ट्रॅक्टरला पुढे दोन दिवे का असतात, हे कुणी विचारत नाही. पण मागच्या मडगार्डवर जमिनीकडे तोंड करून जळणारा तो जादाचा दिवा कशाला? सोलापूर जिल्ह्यातून रात्रीच्या एसटीने गेला असाल तर तुम्ही तो पाहिला असेल. दूर रानात एक उजेड हळूहळू सरकतो, बांधाशी वळतो आणि पुन्हा माघारी येतो. मला त्या उजेडात इथल्या शेतीचा बराच इतिहास दिसतो.

बैलांचा नांगर आठवा. माणूस नांगरामागून चालायचा. काम डोळ्यांसमोर, बैल त्याच्याही पुढे. ट्रॅक्टरने हे सगळं उलटं केलं. हॅरी फर्ग्युसनने अवजार थेट ट्रॅक्टरच्या मागे जोडण्याची तीन दांड्यांची हायड्रॉलिक पद्धत आणली. १९३६ मध्ये तिचे ट्रॅक्टर बाजारात आले आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. माणूस पुढे बसला, नांगर पाठीमागे गेला. आपल्याकडे १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली. पुढचे दिवे मोटारीसारखेच. पण मोटारवाल्याचं काम समोर असतं, नांगरणाऱ्याचं पाठीमागे! तास सरळ पडतंय का, फाळात धसकटं अडकली का, हे मान वळवूनच बघावं लागतं. म्हणून मागचा दिवा.

आता प्रश्न असा, की रात्री नांगरायचंच कशाला? उत्तर एका शब्दात आहे : वाफसा. काळी जमीन ओली असली तर फाळाला चिकटते, वाळली तर दगडासारखी ढेकळं निघतात. मधले मोजके दिवसच कामाचे. इथली रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. एन. व्ही. कानिटकरांनी तिथे बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, वेळच्या वेळी कोळपणी यांवर जो भर दिला, त्याचं सारही हेच होतं – पडलेलं पाणी जमिनीत धरून ठेवा, वाया जाऊ देऊ नका. वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो. ट्रॅक्टर मोजके, दिवस मोजके. उरते ती रात्र.

बैल थकले की सोडावेच लागायचे. बैलांबरोबर माणसालाही विश्रांती मिळायची. यंत्र थकत नाही, त्याला फक्त उजेड पाहिजे. मग जादा फोकस आले. ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले तर १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर ओढतात. जुन्या डायनामोला ते जड जायचं, बॅटरी उतरायची. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले घालायचे. आता १८ वॅटचे दोन एलईडी तीन अँपिअरमध्ये भागवतात. दिव्यांचा प्रश्न सुटला. ड्रायव्हरच्या झोपेचा मात्र सुटला नाही. रोटाव्हेटरमध्ये अडकलेला पाला काढायला पहाटे तीनला खाली उतरणारा माणूस पूर्वीइतकाच थकलेला असतो. फिरत्या पात्यांना त्याचं काय?

दुसरी गोष्ट रस्त्याची. १९८० मध्ये उजनी धरण झालं, ऊस वाढला आणि गाळपाच्या हंगामात डबल ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर दिसू लागल्या. शेतातला पांढरा फोकस रस्त्यावरही मागे चालू राहिला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. पुढे ट्रॉली आहे हेच त्याला कळत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे लाल दिवाच हवा असं आहे. नांगराच्या दिव्याला सूट आहे, पण ती शेतातल्या कामापुरती, अवजाराखालची जमीन दिसावी म्हणून.

मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. हा दिवा मातीसाठी आहे, बांधाच्या आतला आहे. बांध ओलांडताना तो बंद करावा, लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नीट आहेत ना ते बघावं. आणि ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले, तर शेताच्या आतसुद्धा बंद करावा. वाफसा दोन दिवसांत सरतो हे खरं, पण तेवढ्यासाठी माणूस सरता कामा नये.