धावेचा विस्तव आणि जाम नट

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, ऐन घाटमाथ्यावरचे गाव. पावसाळ्यात इथले धुके आणि पाणी हटत नाही. अशा हवेत उघड्यावर राहिलेल्या जीपचा नट बोल्टाला असा धरून बसतो की पाना निसटतो आणि नटाचे कोपरे तेवढे झिजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. हा नट सोडवण्याची विद्या मोटारीबरोबर खेड्यात आली, असे सहसा धरले जाते. मला ते पटत नाही. तिचा गाभा बैलगाडीच्या लोहाराकडे आधीपासून होता.

चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवी. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊन फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचे. वाफेच्या लोटात धाव आवळत जाई, आरे तुंब्यात करकचून बसत. जुनी धाव काढायची तर तिलाच पुन्हा तापवायचे. बाहेरचे तापवायचे, आतले थंड ठेवायचे: जाम नटाला ज्योत देणारा मेकॅनिक हेच करतो. नट फुगतो, गंजाचा थर तडकतो आणि निवल्यावर सोडलेल्या रॉकेलला आत शिरायला वाट मिळते.

यावर कोणी म्हणेल, ही कारागिरी रेल्वेच्या कारखान्यांतून आली. जी.आय.पी. रेल्वेचा परळचा कारखाना १८७९चा. आट्यांचे प्रमाणित माप तर व्हिटवर्थने इंग्लंडात १८४१ साली मांडले. नट आणि पाना तिकडचेच, यात वाद नाही. पण रेल्वेच्या चाकावरची पोलादी धावही तापवूनच चढवत. कारखान्यात लोहार नवे शिकला ते माप. विस्तवाची जाण त्याच्याकडे होतीच. आहुप्याच्या चढउतारांवर बैलगाड्या थोड्याच, हेही खरे. पण हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यालाही कोयत्याला पाणी द्यायला लोहार लागे, आणि तापलेले लोखंड कसे वागते हे भात्यापाशी उभ्या कुणालाही दिसे. आजच्या स्प्रेचा दाखला द्यावा, तर डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली सॅन दिएगोत क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले; नट सोडवण्याचे काम लोकांनी त्याला नंतर लावले.

आग सगळीकडे चालत नाही. ब्रेकची रबरी नळी किंवा पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ज्योत लावूच नये. तिथे तारेच्या ब्रशने गंज खरवडून रात्रभर तेल मुरू द्यावे, हातोडीचे हलके ठोके द्यावेत, नट आधी केसभर आवळून मग उलटा फिरवावा. तरीही हटला नाही तर तो छन्नीने चिरतात. त्याच मापाचा नट आज दुकानात मिळतो, म्हणून हे परवडते. प्रमाणित मापाआधी नट आणि बोल्ट जोडीने घडवलेले असत. तेव्हा जाम झालेला नट वाचवणे भागच होते.